न पटणाऱ्यांची जोडी

बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा मिळून एक काळा, चमकदार स्फटिक होतो. त्याचे थर इतके सैल असतात की वर चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रा निघून येतो आणि खालचा कोरा पृष्ठभाग उघडा पडतो. हा स्फटिक साधारण ९० केल्विनपर्यंत, म्हणजे उणे १८३ अंश सेल्सिअसपर्यंत गार केला की त्याचा विजेला होणारा रोध पार शून्यावर येतो. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. आत इलेक्ट्रॉन दोन-दोनच्या जोडीने वाहू लागलेले असतात. इथपर्यंत कुणाचं दुमत नाही. ही जोडी मुळात जमते कशी, यावर मात्र १९८७ मध्ये जी वादावादी सुरू झाली ती अजून मिटलेली नाही.

मी एका तालुक्याच्या गावी बीएस्सीच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवते. अतिसंवाहकतेच्या वाट्याला अभ्यासक्रमात जेमतेम काही तास येतात आणि त्यातला एक मी प्रात्यक्षिकावर खर्च करते. इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडची एक काळी गोळी, थर्माकोलची वाटी, नखाएवढा चुंबक आणि द्रव नायट्रोजन, एवढंच सामान. शहरातल्या ओळखीच्या प्राध्यापकांना वाटतं, आमच्याकडे नायट्रोजन मिळवणं हेच अवघड असेल. उलट तेच सगळ्यात सोपं आहे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कामासाठी जनावरांच्या दवाखान्यात तो नेमाने येतो. डॉक्टरांना आधी सांगून ठेवलं की आमच्या थर्मासपुरता मिळतो. गोळी गार झाली की चुंबक तिच्यावर अधांतरी राहतो आणि वर्गातले सगळे मोबाइल बाहेर निघतात. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने मोबाइल न काढता विचारलं, "मॅडम, पण इलेक्ट्रॉन दोघंही ऋणच ना? मग ते जोडी कशाला करतील?"

क्रमिक पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर आहे. पंचाईत ही की ते उत्तर त्या वाटीतल्या गोळीला लागू पडत नाही.

ते उत्तर आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण ते फार सुंदर आहे. १९११ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्विनला अचानक नाहीसा झालेला दिसला. पुढची चाळीसेक वर्षं कारण कुणाला सापडेना. १९५० मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांना आढळलं की पाऱ्याचा जड समस्थानिक घेतला तर रोध नाहीसा होण्याचं हे संक्रमण थोडं खालच्या तापमानाला होतं. इलेक्ट्रॉनांना अणुकेंद्राच्या वजनाशी काय देणंघेणं? तरीही फरक पडत होता. म्हणजे स्फटिकातल्या अणूंची थरथर या प्रकरणात सामील होती.

धातूत इलेक्ट्रॉन धावतो तेव्हा आजूबाजूचे धन आयन त्याच्याकडे किंचित ओढले जातात. आयन जड, त्यामुळे सावकाश हलतात. ते पुरते सरकेपर्यंत इलेक्ट्रॉन केव्हाच पुढे निघून गेलेला असतो, साधारण शंभर नॅनोमीटर तरी. मागे उरतो तो धनभाराचा थोडा दाट झालेला पट्टा, आणि दुसरा इलेक्ट्रॉन त्याकडे ओढला जातो. दोघांची गाठ त्या जागी एकाच वेळी पडतच नाही. एक निघून गेल्यावर दुसरा येतो, म्हणून त्यांच्यातलं विकर्षण आड येत नाही. वेळेतलं हे अंतर हाच सगळा खुबीचा भाग आहे आणि पुस्तकात नेमका तोच एका ओळीत गुंडाळलेला असतो. १९५६ मध्ये लिऑन कूपर यांनी दाखवलं की खाली इलेक्ट्रॉनांचा भरलेला समुद्र असेल तर वरच्या दोघांना बांधायला कितीही क्षीण आकर्षण पुरतं. त्याच डिसेंबरात जॉन बार्डीन ट्रान्झिस्टरसाठीचं नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेले. त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट श्रीफर हा विषय सोडून द्यायच्या बेतात होता आणि १९५७ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलेला असताना त्याला असंख्य जोड्यांचा एकत्रित तरंग (इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे ज्यातून कळतं ते गणिती रूप) कागदावर मांडायची युक्ती सुचली. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा तो सिद्धांत. १९७२ चं नोबेल तिघांना मिळालं; बार्डीन यांना पदार्थविज्ञानातलं दुसऱ्यांदा.

या जुन्या जोड्या भलत्याच ऐसपैस असतात. ॲल्युमिनियममध्ये एका जोडीचा पसारा दीड मायक्रोमीटरच्या आसपास जातो आणि तेवढ्या जागेत दुसऱ्या लाखो जोड्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. तेव्हा दोन इलेक्ट्रॉन हातात हात घालून चालल्याचं जे चित्र पुस्तकात काढलेलं असतं ते मुलांनी पाहूच नये, असं मला वाटतं.

आणि या यंत्रणेला एक मर्यादा होती. जोडी जुळवणारी थरथर मुळात मंद, म्हणून तापमान फार वर जाणार नाही. तीस-चाळीस केल्विनच्या पुढे तर नाहीच, असा जाणकारांचा अदमास होता. १९७३ मध्ये निओबियम आणि जर्मेनियमच्या संयुगाने २३ केल्विन गाठले आणि गाडी तिथेच अडकली. बेर्न्ड मॅथियस नावाचे शेकडो अतिसंवाहक शोधून काढणारे गृहस्थ होते. त्यांनी नव्या संशोधकांना घालून दिलेले नियम प्रसिद्ध आहेत: ऑक्सिजनपासून लांब राहा, चुंबकीय पदार्थांपासून लांब राहा, विद्युतरोधकांपासून लांब राहा, आणि सिद्धांत मांडणाऱ्यांपासूनही लांबच राहा.

झुरिकजवळच्या रुश्लिकॉन इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत ॲलेक्स म्युलर आणि गेऑर्ग बेडनॉर्ट्झ यांनी यातले निदान पहिले तीन नियम मोडले. लँथनम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं हे संयुग काही फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी आधीच बनवलेलं होतं. बेडनॉर्ट्झ यांना तो लेख ग्रंथालयात सापडला. १९८६ च्या जानेवारीत त्यांनी ते गार केलं आणि तीसच्या आसपास रोध कोसळताना पाहिला. पावणेदोन वर्षांत त्यांना नोबेल जाहीर झालं. मधल्या काळात, १९८७ च्या आरंभी, ह्यूस्टनमधले पॉल चू आणि अलाबामातले मॉ-कुएन वू यांच्या गटांनी लँथनमच्या जागी इट्रियम घातलं आणि आकडा थेट ९३ वर नेला. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. महागडा हेलियम सुटला तो इथे, आणि गुरांच्या दवाखान्यातल्या नायट्रोजनवर माझं प्रात्यक्षिक होऊ लागलं तेही यामुळेच. त्याच मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात पहाटे तीनपर्यंत चाललेल्या, या पदार्थांवरच्या शास्त्रज्ञांच्या सभेची वर्णनं खूप झाली आहेत, मी पुन्हा करत नाही.

मला त्या वर्षातला दुसरा एक प्रयोग जास्त आवडतो, ज्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अतिसंवाहकाच्या कड्यातून चुंबकीय प्रवाह हवा तेवढा जात नाही, ठरावीक मापाच्या पटीतच जातो. प्लँकचा स्थिरांक भागिले वाहणारा विद्युतभार, एवढं ते माप. १९६१ मध्ये ते पहिल्यांदा मोजलं गेलं तेव्हा एका इलेक्ट्रॉनाचा भार धरून अपेक्षिलेल्या मापाच्या नेमकं निम्मं निघालं. म्हणजे वाहणारा भार दुप्पट होता. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इट्रियमच्या नव्या पदार्थाचं कडं घेऊन तेच केलं. माप पुन्हा निम्मंच आलं. सगळीकडे नवनव्या कल्पनांना ऊत आला असताना या मापाने एक गोष्ट कायमची पक्की केली: यंत्रणा काहीही असो, इथेही इलेक्ट्रॉन दोनच्याच जोडीत आहेत.

मग जुनीच यंत्रणा का नको? अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत त्याच वर्षी इट्रियमच्या पदार्थातला नेहमीचा ऑक्सिजन काढून जड ऑक्सिजन घातला गेला. संक्रमणाचं तापमान जेमतेम हललं. थरथरीचा हात असेलच तर मुख्य नसावा, असा त्याचा सरळ अर्थ. अर्थात नंतर कळलं की विद्युतवाहक कमी केलेल्या नमुन्यांत हा परिणाम बराच मोठा होतो, आणि २००१ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या आलेखात एक बाक दिसला, जो अनेकांनी थरथरीच्या खात्यावर टाकला. त्यामुळे तो पक्ष पुरता बाद कधीच झाला नाही. या विषयात कुठलाच पक्ष पुरता बाद होत नाही, ही यातली मौज आहे आणि वैतागही.

जोडीच्या रूपाबद्दल मात्र हळूहळू पक्की माहिती जमत गेली. तिचा आकार इवलासा, एक-दोन नॅनोमीटर, म्हणजे तांब्याच्या चार-पाच अणूंएवढा. दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या अंगच्या चुंबकपणाची वर किंवा खाली अशी दिशा, एकमेकांच्या विरुद्ध. आणि तिचा तरंग सगळीकडे सारखा पसरलेला नाही. तांबं आणि ऑक्सिजन यांचा चौकोनी जाळीचा जो थर या सगळ्या पदार्थांत असतो, त्या थरात बंधांच्या दिशेने हा तरंग जोमदार असतो आणि बरोबर तिरक्या दिशेने, ४५ अंशांवर, शून्य होतो. शिवाय एका बंधाच्या दिशेला तो धन असेल तर काटकोनातल्या दुसऱ्या दिशेला ऋण. चार पाकळ्या, एकाआड एक चिन्ह उलटं. तज्ज्ञ याला डी-तरंग म्हणतात.

पाकळ्यांचे लहानमोठे आकार अनेक प्रयोगांतून दिसले होते, पण चिन्ह कसं पाहणार? तरंगाचं चिन्ह थेट मोजता येत नाही. इथे दोन गटांनी कमाल केली. इलिनॉय विद्यापीठात व्हॅन हार्लिंगन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये स्फटिकाच्या कोपऱ्याच्या दोन काटकोनी बाजू साध्या शिशाच्या अतिसंवाहकाने जोडून दोन्ही दिशांचे तरंग एकमेकांत मिसळवले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत चँग त्सुएइ आणि जॉन कर्टली यांनी केलेला प्रयोग मी मुलांना आवर्जून सांगते. त्यांनी तीन वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या स्फटिकांचे तुकडे जिथे मिळतात असा पाया घेतला आणि त्यावर इट्रियमच्या पदार्थाचा पातळ थर चढवून चार सूक्ष्म कडी कोरली. एक कडं बरोबर तिठ्यावर, बाकीची इतरत्र. दिशा अशा निवडल्या होत्या की तरंगाचं चिन्ह खरोखर उलटत असेल तर तिठ्यावरच्या कड्याला फेरी मारताना हिशेब जुळणारच नाही. एक उणे चिन्ह शिल्लक राहील. ते मिटवायला कड्याला आपणहून विजेचा प्रवाह सुरू करावा लागेल आणि त्यातून चुंबकीय मापाचा बरोबर अर्धा हिस्सा उमटेल, बाहेरून काहीही न लावता. सूक्ष्मदर्शी चुंबकमापकाखाली तसंच दिसलं. तीन कडी गप्प आणि चौथ्यात अर्धं माप. इतकं स्वच्छ हो-नाही उत्तर देणारे प्रयोग पदार्थविज्ञानात फार थोडे आहेत. या पदार्थांबद्दल बाकी काहीही उलटसुलट ठरलं तरी ही चार पाकळ्यांची आकृती राहणार, असं माझं ठाम मत आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. या आकृतीचा एक परिणाम असा की जोडीतले दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी सापडण्याची शक्यता शून्य होते. धन पाकळ्या आणि ऋण पाकळ्या मध्यबिंदूत एकमेकींना खोडून टाकतात. फुगडी आठवा. दोघी हात घट्ट धरतात आणि अंग मागे झोकून देतात. हात धरलेत म्हणून पडत नाहीत, मागे झोकलंय म्हणून एकमेकींवर आदळत नाहीत. उपमा मात्र इथेच सोडून द्यावी. फुगडी एका दिशेने गरगरते, ही जोडी तशी फिरत नाही, तिचा तरंग जागच्या जागी उभा असतो. जुन्या धातूंत इलेक्ट्रॉन वेळेत अंतर ठेवून विकर्षण टाळतात. इथे ते जागेत अंतर ठेवून टाळतात. फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली तेव्हा ती मुलगी मान हलवत म्हणाली, "म्हणजे ढकलणं टाळलं. पण ओढणारं कोण?"

इथे पोरांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगावी लागते. हे सगळे पदार्थ जन्माने वीज वाहूनच नेत नाहीत. लँथनम आणि तांब्याचं शुद्ध ऑक्साइड घ्या. प्रत्येक तांब्यावर एक मोकळा इलेक्ट्रॉन आहे, म्हणजे साध्या नियमाने तो धातू असायला हवा. पण एका तांब्यावर दोन इलेक्ट्रॉन बसवायचे तर विकर्षणापायी कित्येक इलेक्ट्रॉनव्होल्टची किंमत मोजावी लागते. म्हणून सगळे जिथल्या तिथे अडकून पडतात. अडकलेला इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनवरून शेजाऱ्याकडे क्षणभर डोकावून परत येऊ शकतो, आणि तेवढ्यानेही त्याची थोडी ऊर्जा वाचते. पाउलीचा नियम असा की शेजाऱ्याचा स्पिन उलटा असेल तरच हे डोकावणं जमतं. परिणामी शेजारी शेजारी उलटे स्पिन अशी नक्षी सगळ्या थरभर पसरते. याला सुपरएक्स्चेंज म्हणतात. त्याची ताकद इथे सुमारे ०.१३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, तापमानाच्या भाषेत दीड हजार केल्विनच्या घरात. अणूंच्या थरथरीपेक्षा कितीतरी दणकट. आणि ती मुळात विकर्षणातूनच आलेली आहे, हे विसरू नये.

आता काही लँथनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घालून थोडे इलेक्ट्रॉन काढून घ्या. थरात रिकाम्या जागा पडतात, त्यांना होल म्हणतात. पाचेक टक्के काढले की अतिसंवाहकता उगवते, सोळाच्या आसपास ती शिखरावर असते आणि सत्तावीसच्या सुमारास मावळते. या होलांची जोडी का जमावी, याचा एक हिशेब फळ्यावर पटकन मांडता येतो. प्रत्येक तांब्याला चार शेजारी. एक होल पडलं की उलट्या स्पिनचे चार बंध तुटतात. दोन होल लांब लांब असतील तर आठ तुटतात. पण ती शेजारी शेजारी आली तर मधला बंध दोघांत एकच, म्हणून सातच. एक बंध वाचला, तेवढा जोडीचा फायदा. मुलांना हा हिशेब फार आवडतो आणि मला तो सांगताना धाकधूक वाटते. कारण होलाला एका जागी बसायचं नसतं, इकडेतिकडे पळायचं असतं, आणि त्या पळण्याची ऊर्जा या वाचलेल्या बंधाच्या तिप्पट आहे. पळता पळता ते नक्षी विस्कटतं. खरा गुंता त्या झटापटीत आहे आणि तो आठवजा-सातने सुटत नाही.

प्रिन्स्टनचे सिद्धांतकार फिलिप अँडरसन यांनी या गुंत्याकडे उलट बाजूने पाहिलं. १९८७ च्या जानेवारीत ते बंगलोरला एका परिषदेसाठी आले होते. तिथे ते जी कल्पना मांडत होते ती मार्चमध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जोड्या जमवायच्या आहेत कुठे, त्या विद्युतरोधक पदार्थात आधीपासून आहेतच. उलट्या स्पिनचे दोन शेजारी म्हणजे एक जोडी. कुणाची कुणाशी हे कायम बदलत राहतं, बेंझिनमधल्या बंधांबद्दल रसायनशास्त्रज्ञ जे सांगतात त्याच धर्तीवर. फक्त हलायला जागा नसल्याने या जोड्या वीज वाहू शकत नाहीत. होल पाडली की त्यांना वाट मिळते. या कल्पनेचं बीज त्यांच्या १९७३ च्या लेखात होतं, पण तेव्हा तिला साजेसा पदार्थ समोर नव्हता. तमिळनाडूचे जी. बास्करन त्या काळात प्रिन्स्टनला होते आणि बास्करन, झोउ व अँडरसन या तिघांनी त्याच वर्षी तिला गणिताचं अंग दिलं.

पुढे वीस वर्षांनी, २००७ मध्ये, अँडरसन यांनी इलेक्ट्रॉनांना चिकटवणारा डिंक शोधणाऱ्यांची चांगलीच फिरकी घेतली. आपल्या फ्रिजमध्ये एक मॅमथ आणि एक हत्ती बसलेले आहेत, तिथे एखादा उंदीरही आहे की नाही याची चौकशी कशाला करायची, असा त्यांचा सवाल होता. मॅमथ म्हणजे ते प्रचंड विकर्षण, हत्ती म्हणजे सुपरएक्स्चेंज. डग्लस स्कॅलापिनो आणि डेव्हिड पाइन्स यांच्यासारख्या सिद्धांतकारांना हे पटणारं नव्हतं. त्यांच्या मते स्पिनच्या नक्षीत उठणाऱ्या लाटा हाच डिंक आहे आणि त्या मोजताही येतात. चंद्र वर्मा यांनी वेगळीच वाट धरली; तांबं-ऑक्सिजनच्या चौकोनात गुपचूप फिरणारे प्रवाह त्यांच्या सिद्धांतात मुख्य भूमिकेत आहेत. मला विचाराल तर मी हत्तीच्या बाजूला झुकते. डिंक हा शब्द जुन्या धातूंना शोभतो, जिथे इलेक्ट्रॉन आणि थरथर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. इथे जे ढकलतात तेच बांधतात, तेव्हा चिकटवणारा आणि चिकटणारा वेगळे काढायचे कसे?

२०२२ मध्ये या बाजूला बळ देणारा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सीमस डेव्हिस आणि त्यांच्या ऑक्सफर्ड व कॉर्क इथल्या सहकाऱ्यांनी तो अगदी सुरुवातीला सांगितलेल्या बिस्मथच्या स्फटिकावर केला. या स्फटिकाला निसर्गानेच एक सोय करून ठेवली आहे. त्याच्या थरांना दर अडीचेक नॅनोमीटरला एक सुरकुती पडते आणि तिच्यामुळे तांब्याच्या डोक्यावरचा ऑक्सिजन कुठे जवळ तर कुठे लांब असतो, फरक १२ टक्क्यांपर्यंत. ते अंतर बदललं की इलेक्ट्रॉनाला तांबं आणि ऑक्सिजन यांच्यात ये-जा करायला लागणारी ऊर्जा बदलते, आणि ती बदलली की सुपरएक्स्चेंज बदलतो. म्हणजे एकाच स्फटिकात कमी-जास्त सुपरएक्स्चेंजच्या जागा शेजारी शेजारी तयारच आहेत. नमुने बदलायला नकोत, भेसळीची शंका नको. संशोधकांनी पृष्ठभाग सुईने चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शीच्या सुईच्या टोकाला त्याच अतिसंवाहकाचा कण बसवला, त्यामुळे सुईतून एकटे इलेक्ट्रॉन न जाता जोड्याच जाऊ लागल्या आणि अणूगणिक जोड्यांची दाटी मोजता आली. जिथे ये-जा स्वस्त तिथे जोड्या दाट, जिथे महाग तिथे विरळ, आणि हा चढउतार सुपरएक्स्चेंज धरून आधी केलेल्या आकडेमोडीशी जुळला.

बातम्यांतून तेव्हा कोडं सुटल्याच्या आरोळ्या उठल्या. मला तसं वाटत नाही. प्रयोग देखणा आहे, पण तो एका पदार्थाचा आहे आणि जोडी जमणं ही अर्धीच गोष्ट आहे. होल कमी असलेल्या नमुन्यांत संक्रमणाच्या कितीतरी वरच्या तापमानापासून इलेक्ट्रॉनांची संख्या ठरावीक ऊर्जेला घटलेली दिसते. काहींच्या मते तिथे जोड्या आधीच जमलेल्या असतात, फक्त त्यांचे तरंग एका तालात आलेले नसतात; काहींच्या मते ती वेगळीच, स्पर्धा करणारी अवस्था आहे. जुन्या धातूंत जोडी जमली की ताल आपोआप जमतो, कारण लाखो जोड्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. इथल्या चिमुकल्या, विरळ जोड्यांना ते सुख नाही.

आणि ज्या थरथरीला आपण बाजूला सारलं तिने दुसरीकडे बाजी मारली, हेही सांगायला हवं. २०१५ मध्ये जर्मनीतल्या माइन्झमध्ये मिखाइल एरेमेट्स यांच्या गटाने गंधक आणि हायड्रोजनच्या संयुगावर वातावरणाच्या पंधरा लाख पट दाब देऊन २०३ केल्विन गाठले. तिथे जड हायड्रोजन घातला की तापमान चांगलंच खाली येतं, अगदी १९५० च्या पाऱ्यासारखं. विक्रम जुन्या यंत्रणेकडे गेला. शिवाय बिस्मथच्या नावाने एक हिशेब आपल्या मुंबईतही निघाला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की निव्वळ बिस्मथचा शुद्ध स्फटिकसुद्धा ०.५३ मिलिकेल्विनला अतिसंवाहक होतो. त्यात लाखभर अणूंमागे एखादाच मोकळा विद्युतवाहक असतो. इतक्या कमी वाहकांत पुस्तकातला सिद्धांत नेहमीच्या रूपात चालत नाही. पुस्तकातलं उत्तर अपुरं पडायला तांबं-ऑक्सिजनच लागतं असं नाही.

सामान्य दाबाखाली तांब्याच्या ऑक्साइडांत सर्वांत वर आहे ते पाऱ्याचं संयुग. १९९३ मध्ये ते १३३ केल्विनवर पोचलं आणि दाबाखाली पुढे १६४ पर्यंत. त्यात तांबं-ऑक्सिजनचे तीन थर एकावर एक असतात. दोन थर केले तर तापमान कमी होतं, चार-पाच केले तरी कमी होतं. तीनच का, आणि आकडा १३३ च का, हे आधी कागदावर मांडून कुणी दाखवलेलं नाही. २००२ मध्ये स्टीव्हन किव्हेल्सन यांनी एक कल्पना सुचवली होती, तिच्याकडे मी अलीकडे पुन्हा पुन्हा वळते. तीन थरांत होल सारखी वाटली जात नाहीत. मधल्याला कमी मिळतात, बाहेरच्या दोघांना जास्त. कमी होलांच्या थरात जोडी घट्ट पण ताल कच्चा, जास्त होलांच्या थरात जोडी सैल पण ताल पक्का. मग मधल्याने जोड्या जमवायच्या आणि बाहेरच्या दोघांनी त्यांना ताल पुरवायचा, अशी कामाची वाटणी असू शकते. त्या मुलीला पुढच्या तासाला मी हे सांगितलं. तिने वहीत तीन रेघा ओढल्या, मधल्या रेघेवर जोड्या काढल्या आणि विचारलं की बाहेरचे थर मुद्दाम वेगळ्या पदार्थाचे करून पाहिले तर?